न भाजलेला वाफा

बुधीबाईने त्या वाफ्यात पहिल्यांदा लेंड्या टाकल्या, त्या काही पोराचं वाटोळं करायला नव्हे. चार माणसांत नाक राहावं म्हणून टाकल्या.

तिचं शेत कैनाडच्या रस्त्याला अगदी चिकटून. डहाणूला जाणारी रिक्षा तिच्या बांधापाशीच थांबते, आणि रिक्षा भरेपर्यंत माणसाला दुसरा उद्योग नसतो. तो दुसऱ्याच्या शेताकडे बघतो आणि नावं ठेवतो. नेमक्या त्याच जागी मनिषने, तिच्या पोटच्या पोराने, भाताच्या रोपासाठी दोन वाफे आखले. एकात नेहमीसारखा राब भाजायचा. म्हणजे उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचं आणि त्या राखेत पुढे बी टाकायचं. दुसरा वाफा तसाच ठेवायचा.

"आये, ह्याच्यात भाजायचं नाय," एवढंच मनिष बोलला. खुंट्या ठोकल्या, खुंट्यांवर इंग्रजी अक्षरं काढली आणि निघाला.

"का नाय भाजायचं?"

"माझं पीएच.डी.चं काम हाय. तुला नाय कळायचं."

दुसरी शिकलेल्या बाईला पीएच.डी. कळत नसेल. पिवळं रोप मात्र कळतं. बी पडल्यावर बारा दिवसांत भाजलेल्या वाफ्यातलं रोप पोपटासारखं हिरवं झालं आणि न भाजलेल्या वाफ्यात चार काड्या आजाऱ्यासारख्या उभ्या राहिल्या, त्याही गवतात शोधाव्या लागत. रिक्षात बसलेल्या चिमणला तेवढं पुरलं. चिमणला कुणाचं बरं झालेलं दिसत नाही, पण वाईट झालेलं तीन शेतं पलीकडून दिसतं.

"काय गं बुधी," तो ओरडला, "पोरगा एवढा शिकला, न् पहिलं आईचंच रोप मारलं का?"

अख्खी रिक्षा हसली. ड्रायव्हरसुद्धा.

त्याच दुपारी बुधीबाई धाकट्या जावेच्या, काळीच्या, अंगणात उभी. "तुझ्या शेळ्यांच्या लेंड्या दे."

"किती, बाय?"

"हाय तेवढ्या."

"न् कशाला?"

"नाकाला लावायला! दे म्हटलं तर दे ना."

बाजारात आगरच्या बायका सुकी मासळी विकतात. त्यांच्या टोपलीच्या तळाला राहिलेला चुराही तिने आणला. गवत बोटांनी एकेक करून उपटलं. पोराने सांगितलं होतं भाजायचं नाही, तर काडेपेटी घेऊन ती त्या बाजूला फिरकलीसुद्धा नाही. त्याचा शब्द तिने तंतोतंत पाळला. खताबद्दल तो काही बोललाच नव्हता, आणि न बोललेला शब्द पाळणार कसा?

पंधरा दिवसांनी, रोप हिरवं झाल्यावर, शनिवारी मनिष पट्टी घेऊन आला, रोपं मोजली, वहीत लिहिली. मग नाक वर करून उभा राहिला.

"आये, इथं बोंबलाचा वास येतो."

"काळीने सुकत घातलेत."

"पावसात?"

"तिची अक्कल तेवढीच."

पुढच्या वर्षी रोप पिवळं पडायची तिने वाटच पाहिली नाही. बी पडलं की दुसऱ्या दिवशी तिची टोपली वाफ्यात. तिसऱ्या वर्षी तर हात असा बसला की दोन्ही वाफे जुळ्या भावांसारखे दिसू लागले. एका पोराला जास्त आणि दुसऱ्याला कमी वाढायची तिला सवयच नव्हती. मनिष मोजून मोजून थकला, पण दोन वाफ्यांत त्याला बोटभर फरक सापडेना. त्याच्या संगिता मॅडम म्हणाल्या, इतका स्वच्छ निकाल त्यांनी वीस वर्षांत पाहिला नाही. मनिषने त्या आनंदात घरी जिलेबी आणली. बुधीबाईने ती खाल्ली. आपल्या हाताची तारीफ वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईने केली, आणि तीही आपलं नाव न घेता, हे तिला फार आवडलं. पोराला काही सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. पोराच्या ताटात जास्तीचं कालवण वाढणारी आई ते सांगत बसते का?

माघात बचत गटाच्या ग्रुपवर मेसेज आला. डहाणूच्या कॉलेजात कार्यक्रम आहे, मोठमोठं शिकणारी मुलं आपलं संशोधन फक्त तीन मिनिटांत साध्या माणसांना सांगणार आहेत, तर साधी माणसं हवी आहेत. जेवण आहे. टेम्पो कॉलेजचा.

"साधी माणसं म्हणजे?" काळीने विचारलं.

"म्हणजे तू," बुधीबाई म्हणाली. "मी तुझ्यावर लक्ष ठेवायला येते."

तिने लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. मनिष त्यात बोलणार आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मनिषने घरी सांगितलंच नव्हतं. तो स्टेजच्या बाजूला कागद वाचत उभा होता. त्याने मान वर केली आणि तिसऱ्या रांगेत आपली आई, काकी आणि कैनाडच्या अकरा बायका ओळीने बसलेल्या पाहिल्या. त्याच्या हातातला कागद खाली पडला.

तो धावत आला. "आये! तू इथं कशी?"

"मेसेज आला. तुझा नाय, कॉलेजचा आला."

"तुला कंटाळा येईल म्हणून नाय बोललो गं."

"बघू ना. तीन मिनिटांत किती कंटाळा देतोस ते."

संगिता मॅडमनी माइकवरून नियम सांगितले. प्रत्येकाला तीन मिनिटं. भिंतीवरच्या पडद्यावर घड्याळ उलटं चालणार, शून्य झालं की भोंगा. पण खरी परीक्षा त्याच्या पुढची. आत येताना प्रत्येकाला एक नंबर दिला होता. भाषण झालं की चिठ्ठी काढायची, ज्याचा नंबर येईल त्याने वर येऊन एका मिनिटात सांगायचं, काय कळलं. ऐकणाऱ्याला जेवढं कळलं, तेवढे बोलणाऱ्याला मार्क.

"म्हणजे पोरं शिकणार न् नापास आपण होणार," काळी पुटपुटली. तिच्याजवळ सात नंबर होता. बुधीबाईकडे एकवीस.

पहिली आली ऋचा, किनाऱ्याकडच्या वाडीवाल्यांची, म्हणजे चिकूच्या बागा असलेल्यांची, मुलगी. तिचं संशोधन चिकूच्या अळीवर. नाजूक पोरगी, पण बोलली खणखणीत. भोंगा झाला, चिठ्ठी निघाली. सात!

काळी वर गेली ती कुणीतरी ढकलल्यासारखी. माइक तिने भाकरीच्या पिठासारखा दोन्ही हातांत दाबला.

"अळी कवळ्या चिकूत शिरते," ती म्हणाली. "आत बसून बी खाते. पोट भरलं की भोक पाडून बाहेर पडते. भोक दिसलं तवा ती घरात नाय. ती गेली! न् मालक येतो, भोक बघतो, न् औषध मारतो. कोणाला मारतो? रिकाम्या घराला मारतो."

सभागृह टाळ्यांनी भरलं. पुढच्या रांगेतल्या दोन वाडीवाल्यांनी तेवढी मान खाली घातली. काळी खाली आली, तेव्हा तिच्या चालीत फरक पडला होता.

"एवढंच तर होतं," ती बुधीबाईला म्हणाली. "पीएच.डी. काय कठीण नाय."

मग मनिष उभा राहिला. बुधीबाई पदर सावरून सरळ बसली. पोराचा आवाज तिला आधी ओळखूच आला नाही. घरी तो दारातून बोलतो आणि निघतो. इथे सावकाश, एकेक शब्द समोरच्याच्या हातात दिल्यासारखा बोलत होता.

"माझी आई दर उन्हाळ्यात राब भाजते. त्यासाठी फांद्या तोडते, डोक्यावरून आणते. तिची आजीपण हेच करत होती. आपल्या दोन तालुक्यांत प्रत्येक घर हेच करतं. किती झाडं बोडकी होतात, आणि किती बायकांच्या माना झिजतात, ते मी लहानपणापासून बघतोय. म्हणून मला एकच प्रश्न पडला. भाजलंच नाही तर?"

बुधीबाईचा हात आपोआप मानेकडे गेला. हे त्याने बघितलं होतं? कधी बघितलं? बोलला तर नाही कधी.

"मी दोन वाफे केले. माती तीच, बी तेच, पाणी तेच. एकात राब भाजला. दुसऱ्यात काही केलं नाही. राख नाही, खत नाही, काही नाही. दोन वाफ्यांत फरक एकाच गोष्टीचा ठेवायचा, म्हणजे रोपात जो फरक पडेल तो त्या गोष्टीमुळेच पडला असं म्हणता येतं."

तीन वर्षांत जे कळलं नाही ते बुधीबाईला तीन मिनिटांत कळलं, आणि इतकं नीट कळलं की उठून पळून जावंसं वाटलं.

"बाय," काळी तिच्या कानाला लागली, "माझ्या शेळ्यांच्या लेंड्या कुठच्या वाफ्यात..."

"गप."

"न् तो मासळीचा चुरा..."

"काळी, तोंड शिव."

"तीन वर्षं मोजलं," मनिष सांगत होता. "दोन्ही वाफ्यांतलं रोप सारखंच आलं. म्हणजे राब नसला तरी चालतो! पुढच्या महिन्यात माझा प्रबंध जाईल, आणि यंदाच्या पावसाळ्यात डहाणू-तलासरीतल्या वीस गावांत आम्ही राब न भाजता रोप करणार आहोत."

भोंगा व्हायला दोन सेकंद शिल्लक होते. टाळ्या ऋचापेक्षा जास्त पडल्या. मॅडमनी डब्यात हात घातला, चिठ्ठी उलगडली.

"एकवीस!"

काळीने डोळे मिटून घेतले.

बुधीबाई उठली. पायऱ्या चार होत्या, तिला चाळीस वाटल्या. मनिष बाजूला घामाघूम. तो हळूच म्हणाला, "आये, घाबरू नको. जेवढं कळलं तेवढंच सांग."

तिने माइक घेतला. "राब भाजायला झाडं तुटतात न् बाईची मान जाते," ती म्हणाली. "पोराने दोन वाफे केले. एक भाजला, एक तसाच ठेवला. बाकी सगळं सारखं ठेवायचं, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. रोप दोन्हीकडे सारखं आलं. म्हणून तो बोलतो, भाजू नका."

अर्धं मिनिटही लागलं नाही. मॅडमनी स्वतः टाळ्या वाजवल्या. "बघा! एक शब्द इकडचा तिकडे नाही. पूर्ण मार्क!" मनिषचा चेहरा असा उजळला की बुधीबाईला तो सहा वर्षांचा दिसला. तिने माइक ठेवला. एक पायरी उतरली. एवढंच करायचं होतं, झालं. घरी जायचं, गप्प बसायचं. पोरगा पास.

तेवढ्यात मागच्या रांगेतून तलासरीकडचा एक म्हातारा मोठ्याने शेजाऱ्याला म्हणाला, "चला, सुटलो! यंदा एक फांदी तोडायला नको. बी टाकायचं न् झोपायचं."

बुधीबाई थांबली. त्या म्हाताऱ्याचं रोप तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पिवळं, चार काड्यांचं. त्याच्याकडे काळीच्या शेळ्या नव्हत्या. लावणीला रोप नाही म्हणजे वर्षभर भात नाही. अशी वीस गावं.

ती परत पायरी चढली.

"मॅडम, अजून थोडं हाय."

"आजी, तुमचं मिनिट..."

"तीन वर्षांचं एका मिनिटात नाय मावत. तुमचं ते घड्याळ तिकडं फिरवा." तिने माइक उचलला आणि म्हाताऱ्याकडे बोट केलं. "दादा, झोपू नका. त्या दुसऱ्या वाफ्यात मी लेंड्या टाकल्या. मासळीचा चुरापण टाकला. तीनही वर्षं. भाजलं नाय, ते खरं. पण 'काही केलं नाय' असं पोरगा बोलतो ते खरं नाय."

सभागृहात कुणीतरी फसकन हसलं. मग एकेकाला अर्थ कळत गेला. भोंगा वाजला, तोही कुणी ऐकला नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "आजी, तुम्ही कोण?"

"मी कोण म्हणजे? त्याची आई! ते शेत माझं, वाफा माझा, लेंड्या माझ्या जावेच्या."

मनिष पांढराफटक. माइक नसतानाही त्याचा आवाज सगळीकडे गेला. "आये, तू मला सांगितलं का नाय?"

"तू मला सांगितलंस कधी?" ती म्हणाली. "भाजू नको बोललास. का नको, ते आज सांगितलंस. तेपण ह्या सगळ्यांना. मी त्यांच्यात बसले होते म्हणून ऐकलं."

पडद्यावरचं घड्याळ शून्यावर लुकलुकत राहिलं.

"आजी," मॅडमनी जरा आशेने विचारलं, "लेंड्या किती घातल्या? किलोने सांगता येईल? वजन असेल तर ह्यातून काही काढता येईल."

"वजन?" बुधीबाई म्हणाली. "भाजीत मीठ किती पडलं ते किलोने सांगता का तुम्ही?"

झालं. तीन वर्षांच्या वह्या तिथल्या तिथे मेल्या. वीस गावं रद्द. प्रबंध पुढच्या महिन्याऐवजी पुढच्या वर्षी. बक्षीस चिकूच्या अळीला मिळालं, आणि काळीने ते आपल्यालाच मिळाल्यासारखं जेवताना दोन पुऱ्या जास्त घेतल्या.

परतीच्या टेम्पोत मनिष मुकाट्याने चढला आणि आईच्या शेजारी बसला. गाव आलं तेव्हा तो म्हणाला, "तू गप्प राहिली असतीस तर मला डॉक्टरेट मिळाली असती."

"हो."

"न् लावणीच्या वेळी वीस गावांनी मला शोधून मारलं असतं."

"पहिलं मला," बुधीबाई म्हणाली. "शेत माझंच ना."

तो हसला नाही, पण उतरताना त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

मेमध्ये वाफे पुन्हा आखले गेले. या वेळी तीन. मनिष बांधावर बसला आणि आईला समोर बसवून, कागद न घेता, सगळं सांगितलं. तिने मधे नऊ प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं त्याला आली नाहीत, ती त्याने वहीत लिहून घेतली. पहिला वाफा भाजलेला. तिसऱ्यात लेंड्या आणि मासळीचा चुरा, पण प्रत्येक टोपली काट्याला टांगून, आणि हा अपमान बुधीबाईने रोज तोंडाने धुसफुसत गिळला. मधला वाफा मात्र खरोखरच तसाच. त्याला हातसुद्धा लावायचा नाही.

जूनमध्ये बी पडलं, आणि बारा दिवसांनी मधला वाफा पिवळा पडला. चार काड्या, बाकी सगळं गवत. बुधीबाई दिवसातून दहा वेळा बांधावर जाई. हात शिवशिवत. एकदा खाली वाकली, गवताचं एक पातं चिमटीत धरलं आणि गरम तव्याला लागल्यासारखं सोडून दिलं. एका संध्याकाळी काळी पदराखाली काहीतरी लपवून वाफ्याकडे येताना दिसली, तर बुधीबाईने तिला बांधावरूनच परतवलं.

"मला बघवत नाय गं बाय," काळी म्हणाली. "मूठभरच टाकते. लोक काय म्हणतील!"

"मूठभर टाकलीस तर तुझ्या शेळ्याच पीएच.डी.ला बसवीन. जा घरी!"

शनिवारी मनिष आला. मधल्या वाफ्यापाशी उकिडवा बसला, पट्टी लावली, दहा रोपं मोजली, परत मोजली. मग त्याने वर पाहिलं. चेहरा असा, की कुणाला वाटावं घरात बारसं आहे.

"आये, निम्मंपण नाय! निम्म्याहून कमी आलं!"

"खरं?"

"एकदम खरं. इतकं वाईट रोप मी आजवर बघितलं नाय!"

बुधीबाईने एक लांब श्वास घेतला. रस्त्यावर रिक्षा भरत होती, आत पाच-सहा माणसं बसली होती आणि सवयीप्रमाणे सगळ्यांच्या माना तिच्या शेताकडे वळल्या होत्या. तिने पदर कंबरेला खोचला, बांधावर चढली आणि दोन्ही हात वर करून त्यांना हाक मारली.

"अहो, बसलात काय तिथं? उतरा खाली! माझं रोप किती वाईट आलंय ते जवळून बघा. तीन मिनिटं लागतील. सगळं समजावून सांगते."